पत्ता संपला की बंद

वर्धा
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

दादा,

सप्रेम जयभीम.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस हे मला पावणेदोन वर्षांपासून माहीत आहे, म्हणून हे पत्र. आर्वी गाडीचे ड्रायव्हर तानबाभाऊ ओळखीचे निघाले, त्यांच्या हाती देते आहे. घाबरू नकोस, जुनं भांडण उकरायला लिहीत नाही. माझं एक काम अडलं आहे आणि ते तुझ्या एसटी डेपोशिवाय दुसऱ्या कुणाकडून होण्यासारखं नाही.

आमच्या ग्रंथींच्या विभागात (लोक त्याला शुगरचा वॉर्डच म्हणतात) गेल्या महिन्यात रिंकू नावाची सोळा वर्षांची मुलगी भरती होती. वडील पुनाजी, आई भागाबाई. गोंड आहेत, घरात गोंडी बोलतात, जंगलाच्या आणि कापूस वेचणीच्या कामावर जातात. पोरगी सहा महिन्यांपासून वाळत चालली होती, काळी पडत चालली होती, उभी राहिली की चक्कर. गावात सगळे म्हणाले, उन्हानं काळवंडली. आम्ही तपासलं तर मूत्रपिंडांवर ज्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या तिच्याच शरीरानं उलटून पार खाऊन टाकलेल्या. त्या ग्रंथींतून जे निघतं ते गोळीतून द्यायचं, रोज, जन्मभर. इलाज एवढाच.

गोळी सुरू केली आणि चौथ्या दिवशी ही बाई वॉर्डभर हिंडायला लागली. या रोगात अंगात मीठ टिकत नाही, त्यामुळे तिला मिठाची भारी हाव. बीपीवाल्या बायांचं मीठ आम्ही बंद केलेलं, पण घरून येणाऱ्या डब्यांत मिठाच्या पुड्या असायच्याच, त्या सगळ्या रिंकूच्या ताटात. वॉर्डातल्या यशोदाबाई मावशी म्हणायच्या, "हे पोरगी एखाद्या दिवशी समुद्र पिऊन टाकीन." खूप हसायची ती. तीन तारखेला घरी सोडलं.

तेरा तारखेला दाखवायला यायचं होतं, आली नाही. दिलेला फोन नंबर शेजाऱ्याचा आहे आणि तो बंद लागतो. फॉर्मवर पत्ता नीट लिहिलेला नाही, इंटर्न पोरांची नेहमीची गडबड, नुसतं 'आर्वी' लिहून ठेवलं आहे. आर्वी तालुक्यात गावं किती आहेत ते तुला मी काय सांगू! तुमच्या गाड्या सगळीकडे फिरतात. तुमच्यापैकी कुणालातरी तीन तारखेचे हे तिघं आठवतील.

या पाकिटात गोळ्यांचा एक पत्ता ठेवला आहे. सापडले तर दे. सकाळी एक, दुपारी अर्धी. आणि मला कळव. फार घाईचं नाही, पण लवकर झालं तर बरं. माझ्या थिसिसमधली ती एकोणसाठावी पेशंट आहे, साठ पुरे व्हायचे आहेत, म्हणूनही मला ती हवी आहे.

माय लोकांना सांगायची ना, माह्या घरी एक कंडक्टर आन एक डॉक्टर, दोन टर हायेत. त्यातल्या एका टरनं दुसऱ्याला एवढी मदत करायला हरकत नसावी.

तुझी
पौर्णिमा


वर्धा
सोमवार, १७ नोव्हेंबर

दादा,

तानबाभाऊंनी आज सांगितलं. "घेतलं त्यानं, पन उघडलं नाई. अक्षर पाह्यलं आन बॅगेत टाकलं. मी म्हटलं काऊन रे, बहीण आहे तुही. तर मले म्हणे, तुमी गाडी चालवा."

पाकीट फाडायला किती वेळ लागतो रे? माझं तोंड पाहू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, पण पाकिटात औषध आहे. या पाकिटावर मी लाल शाईनं लिहिलं आहे, 'पेशंटचं काम, माझं नाही'. आता तरी उघडशील ना?

शनिवारी मी तुला सगळं लिहिलं नाही. रिंकूची गोळी बंद झाली असावी असं मला वाटतं. घरच्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. दिलेला पत्ता दहा दिवसांचा होता, म्हणजे तेराला संपला. ही गोळी थांबली की पहिले दोन दिवस काही कळत नाही. मग अन्न नको होतं, मळमळतं, उलट्या होतात, पोट दुखतं, रक्तदाब खाली जात राहतो. त्यात साधा ताप आला तरी माणूस हातचं जातं. आज सतरा तारीख आहे.

आर्वीच्या दोन दवाखान्यांत मी आपणहून फोन करून पाहिले. एकानं विचारलं, गाव कोणतं? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मॅडम, मग मी काय करू! बरोबरच आहे त्याचं. आमच्या विभागप्रमुख मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं अजून काही झालेलंही नाही. उद्या मुलगी दारात उभी राहिली तर उगाच बोभाटा.

तू मायचं मनात धरून बसला आहेस, मला कळतं. तुझा माझ्यावरचा राग ती गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आपल्या सगळ्या अल्लीपूरनं ऐकला. "तुले पेशंट दिसते, तुले माय नाई दिसली." मी तेव्हाही म्हणाले होते की त्या दिवशी फोनची लाइन खराब होती. तू पायाच्या जखमेचं काय सांगितलंस ते मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी शनिवारी ओपीडीत घेऊन ये म्हटलं. आजही तेच सांगते. पण त्याचा राग या पोरीवर काढू नकोस.

तुमच्या डेपोत नुसतं विचारायचं आहे. एका वाक्याचं काम आहे.

पौर्णिमा


[पोस्टकार्ड. तानबाभाऊंच्या हाती, उघडं]

बुधवार, १९ नोव्हेंबर, सकाळी ९

आर्वी डेपोतल्या सगळ्या भावांनो,

हे कार्ड वाहक श्रावण, अल्लीपूरवाले, यांच्या नावानं आहे. पण ज्याच्या हाती येईल त्यानं मोठ्यानं वाचावं. रिंकू, वय १६, सावळी, फार बारीक, निळा स्कार्फ. वडील पुनाजी, आई भागाबाई. ३ तारखेला वर्ध्याहून आर्वीला आले, तिथून पुढे गेले. गाव माहीत नाही. मुलीची गोळी बंद झाली आहे. गोळी मिळाली नाही तर ती मरेल. गोळी बंद करायला मीच सांगितलं. चूक माझी आहे, घरच्यांची नाही. कुणाला गाव आठवलं तर ताबडतोब १०८ ला आणि मला फोन करा. नंबर खाली आहे. श्रावणकडे माझं पाकीट आहे, त्यात गोळ्या आहेत. त्याला उघडायला सांगा.

डॉ. पौर्णिमा


त्याच दिवशी, दुपारी ३

दादा,

कार्ड दहाच्या गाडीनं गेलं. अजून कुणाचा फोन नाही. मी वॉर्डाच्या ड्युटीरूममध्ये बसले आहे, फोन समोर आहे, आणि हात रिकामे ठेवले तर मला ओरडायला होईल, म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुला कधी मिळेल, तू वाचशील का, काही माहीत नाही. कार्डाला पाकीट नसतं म्हणून कार्ड लिहिलं. ते वाचल्याशिवाय तुम्हा लोकांना राहवणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

आता खरं सांगते. इंटर्न पोरांनी काही केलेलं नाही. तो फॉर्म माझ्या हातचा आहे.

तीन तारखेला दुपारी दीड वाजता मी रिंकूचे सुटीचे कागद करत होते. दोनला माझं केस प्रेझेंटेशन होतं, बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि केस रिंकूचीच होती. मुलगी बाहेर बाकावर बसली होती आणि मी आत तिच्या रक्ताचे आकडे पाठ करत होते. थिसिसच्या फॉर्मवर एक रकाना उरला होता. मी मान वर न करता म्हटलं, "पत्ता द्या."

पुनाजीनं पिशवीतून गोळ्यांचा पत्ता काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आपल्याकडे पत्ता म्हणजे तोही असतोच ना. मी अल्लीपूरची, मला हे कळू नये? बाहेरून आलेल्या डॉक्टरांना मी हसते, त्यांना पेशंटची भाषा येत नाही म्हणून. मॅडम नव्या पोरांना सांगतात, बोलायचं कसं ते पौर्णिमाकडून शिका. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात इतकंच आलं की हा माणूस गोळ्यांचं विचारतो आहे. डोळ्याच्या कोपऱ्यातून चंदेरी कागद दिसला. मला वाटलं, तापासाठी पाच दिवस दिलेली अँटिबायोटिक असेल.

"हा ना?" पुनाजी म्हणाला.

"हा संपला की बंद. आणखी लागत नाही."

"पूरा संपवाचा?"

"हो, पूरा. मग बंद."

मानेनं हो म्हणाला आणि पत्ता पिशवीत ठेवला. चांगला माणूस आहे, डॉक्टर सांगेल ते ऐकणारा. माझं प्रेझेंटेशन उत्तम झालं. परीक्षकांनी विचारलं की अशा पेशंटला घरी सोडताना सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती. मी फाडकन उत्तर दिलं, गोळी एक दिवसही बंद करायची नाही. शाबासकी मिळाली. संध्याकाळी फॉर्म पाहिला तर पत्त्याचा रकाना रिकामा. आर्वीच्या गाडीनं जातो असं बोलल्याचं आठवलं, तेवढंच भरलं.

शुक्रवारी, म्हणजे चौदाला, मी यशोदाबाईंना सहज म्हटलं की रिंकू दाखवायला आली नाही, अँटिबायोटिक तरी पूर्ण घेतली असेल की नाही. त्या म्हणाल्या, "बाई, ते तं इथंच संपलं होतं. सुटीच्या दोन दिवस आंधी. मीच तं रिकामा पत्ता फेकला." मग पुनाजीच्या हातात तो पत्ता कसला होता? दुसरा एकच होता.

म्हणजे चौदापासून मला माहीत होतं, दादा. पंधराच्या पत्रात मी तुला 'फार घाईचं नाही' असं लिहिलं. डॉक्टर असून असं लिहिलं. मॅडमना सांगितलं असतं तर तासाभरात तालुक्यातल्या सगळ्या आशाताईंना निरोप गेला असता. पण मग चौकशी, थिसिस, डिग्री. तुला लिहिलं की कुणाला कळणार नव्हतं, म्हणून तुला लिहिलं. तुझ्यावर विश्वास होता असं म्हणायला मला आवडलं असतं.

आज कार्ड पाठवल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं बोलले. त्या रागावल्या नाहीत. "चौदापासून?" एवढंच म्हणाल्या आणि फोन उचलला. अकरापासून त्या फोनवरच आहेत.

आता हेही लिहूनच टाकते. मायच्या वेळी लाइन खराब नव्हती. तू म्हणालास, "पाय काळा पडून राह्यला, वास येते, तिले हिव भरलं." एकूण एक शब्द मला ऐकू आला. माझ्यासमोर तेव्हा रक्ताच्या नळ्या होत्या, त्या वेळेत प्रयोगशाळेत गेल्या नाहीत तर वाया जाणार होत्या. मी म्हटलं, शनिवारी घेऊन ये. बुधवार होता. तू ऐकलंस. डॉक्टर बहिणीनं शनिवार सांगितला म्हणून तू तीन दिवस मायला घरात ठेवलंस, शेजारचे हिंगणघाटला न्या म्हणत असताना. माझं ऐकलंस म्हणून माय गेली. गेली दोन वर्षं मी तुला म्हणत आले की तूच नीट सांगितलं नाहीस. मला लाज वाटते, दादा.

साडेतीन झाले. फोन वाजतो आहे.


वर्धा
बुधवार, २६ नोव्हेंबर

दादा,

सप्रेम जयभीम.

तुझी चिठ्ठी परवा तानबाभाऊंनी दिली. माझ्याच पहिल्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलीस. दोन वर्षांत तुझं पहिलं अक्षर.

तू लिहिलंस, "कार्ड कंट्रोलरनं सगळ्यांइच्या समोर वाचलं तवा मी फेरीवरून आलोच होतो. पोरगी मले लगेच आठवली. बापानं तिले खिडकीपाशी बसवलं होतं आन सोता तिच्या पाठीमांगं हात धरून उभा राह्यला होता, म्हणून ध्यानात होती. सोमवारी आन मंगळवारी मी त्याच फेरीवर होतो. त्याहीच्या थांब्यावर दोनदा गाडी थांबली. पाकीट बॅगेतच होतं. तू मले दोषी म्हण, नाईतर नको म्हणू, पन मले झोप नाई येऊन राह्यली."

तू विचारलं नाहीस, पण तुला काय हवं आहे ते मला कळतं. सोमवारी पाकीट उघडलं असतंस तर ती वाचली असती का? मी तुला खोटं सांगणार नाही, या घरात खोटं पुष्कळ झालं. वाचली असती. मंगळवारीही बहुतेक वाचली असती. आणि चौदा तारखेला मी मॅडमच्या खोलीचं दार ढकललं असतं तर तुझ्या बॅगेत पाकीट आलंच नसतं. दोन्ही खरं आहे. माझं आधीचं आहे आणि मोठं आहे.

गेल्या बुधवारी संध्याकाळी तू तिला घेऊन आलास तेव्हा आपली बोलाचाली झाली नाही. तुला कॅज्युअल्टीच्या बाहेर काढलं, दार लागलं. तू वाटेत गोळी चुरून पाण्यातून दिलीस, ती तिनं ओकून टाकली, हे अँब्युलन्सवाल्यानं सांगितलं. तुझं काही चुकलं नाही, पोटात काही राहण्याच्या पलीकडे ती गेली होती. तिला तापही होता. आम्ही इंजेक्शन दिलं, सलाइन दिलं, मॅडम स्वतः उभ्या होत्या. थोडा वेळ रक्तदाब वर आला. रिंकूनं डोळे उघडून यशोदाबाईंना ओळखलं आणि मीठ मागितलं. यशोदाबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. गुरुवारी सकाळी सव्वाआठला ती गेली.

पुनाजी बाहेर होता. मला पाहून उठला आणि धोतराच्या सोग्यात बांधलेला रिकामा पत्ता सोडून माझ्या हातात दिला. त्याला वाटत होतं, मी विचारणार. "पाहा बाई, पूरा संपवला. एकबी गोळी फेकली नाई. तुमी सांगतलं तसंच केलं."

चौकशी समितीत तिघं होते. काल दोन तास चाललं. थिसिस थांबला आहे, डिग्रीचं पुढे काय होईल ते महिन्याभरात कळेल. मी सगळं कबूल केलं, पत्त्याचं, आर्वीचं, चौदा तारखेचं. त्यांनी विचारलं, चौदाला कळल्यावर पेशंटला शोधण्याचा पहिला प्रयत्न कधी केला? आर्वीच्या दवाखान्यांना केलेले दोन फोन मी सांगितले. मग म्हटलं, खरा प्रयत्न एकोणीसला, पोस्टकार्डाचा. मधल्या दिवसांत तुला लिहिलेल्या पत्रांचं मी नाव काढलं नाही. एकानं विचारलं, कार्डात कसल्या पाकिटाचा उल्लेख आहे? मी म्हटलं, ते कार्डाबरोबरच पाठवलं होतं. तानबाभाऊंना कुणी विचारलं नाही, विचारलं तरी ते बोलणार नाहीत. माझी सगळी पत्रं तू जाळून टाक. चौकशीच्या कागदांत तुझं नाव फक्त मुलीला घेऊन येणारा माणूस म्हणून आहे. मायच्या वेळी माझा दोष मी तुझ्या अंगावर टाकला होता, तुझा थोडा मी घेतला तर काही बिघडत नाही. नाही म्हणू नकोस.

सोमवारी पुनाजी मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांसाठी आला होता. भागाबाई आली नाही. मी त्याला माझ्या खोलीत बसवलं, दार लावलं, आणि आपल्या बोलीत सगळं सांगितलं. पत्ता मी कोणता मागितला आणि त्यानं कोणता दिला. "चूक माही आहे, तुमची नाई," असं मी तीनदा म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं. रागावेल, हात उचलेल, असं मला वाटलं होतं, खरं तर मला ते हवं होतं.

मग त्यानं विचारलं, "तो कंडक्टरभाऊ कोन होता जी? आमच्या वस्तीत धावत आला. पोरीचं डोकं इथवर मांडीवर धरून आनलं त्यानं, स्वतःचा शर्ट काढून तिच्या अंगावर टाकला. आमच्यासाठी कोनी इतकं केलं नाई आजवर. तुमी ओळखता त्याले?"

मी म्हटलं, "हो, ओळखते. माझा भाऊ आहे."

"मंग त्याले माहा जोहार सांगजा. म्हणा, पुनाजी जलमभर इसरनार नाई."

मी सांगते म्हटलं. त्याच्यापुढे आणखी काही बोलले नाही, आणि बोलणारही नाही. निरोप तुझा आहे, म्हणून पोचवते.

तुझी
पौर्णिमा